नव्वद हजारांत गुन्हेपट कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचे सात विद्यार्थी, शेवटचं वर्ष. जवळ नव्वद हजार रुपये, एक बरा मोबाइल आणि मामेभावाचा उसना मिररलेस कॅमेरा. मे महिन्याच्या सुट्टीत सलग पंधरा दिवस शूटिंग करून सत्तर मिनिटांचा गुन्हेपट करायचा आहे. कथा अशी की सराफ बाजारात दरोडा, तीन साथीदार, एक प्रामाणिक फौजदार, गंगापूर रोडवर गाड्यांचा पाठलाग आणि सोमेश्वरच्या धबधब्यापाशी शेवट. विचारलंय की कॅमेरा विकत घ्यावा का, पिस्तूल आणि वर्दी भाड्याने कुठे मिळेल, परवानग्या किती लागतात आणि खोटं रक्त कसं करायचं.

मी बावीस वर्षं नाशिकमध्ये आणि आसपास शूटिंगची व्यवस्था लावतो. मालिका, जाहिराती, लघुपट सगळं केलंय. मोठ्या युनिटला चहा वेळेवर देण्यापासून ते पाच पोरांच्या फिल्ममध्ये स्वतः दिवा धरून उभं राहण्यापर्यंत. त्यामुळे उत्तर व्यवस्थापकाच्या नजरेनं येणार, दिग्दर्शकाच्या नाही. आणि तुम्ही विचारलेल्या क्रमानं तर मुळीच नाही, कारण कॅमेरा हा तुमचा सगळ्यात लहान प्रश्न आहे.

आधी पटकथा. तुम्ही पाठवलेली गोष्ट मी व्यवस्थापक म्हणून वाचली तेव्हा मला चार शब्द दिसले: बाजार, पाठलाग, धबधबा, पोलीस. हे चारही शब्द महाग आहेत. सराफ बाजारात तुम्ही तोंडावर रुमाल बांधून पळालात तर तिथला एकही दुकानदार तुम्हाला विद्यार्थी समजणार नाही. गंगापूर रोडवर वाहतूक थांबवण्याइतकी माणसं तुमच्याकडे नाहीत, आणि न थांबवता पाठलाग करायचा म्हणजे कोणाचा तरी हातपाय मोडायचा. सोमेश्वरला मे महिन्यात धबधबा कसला, ओले दगड मिळाले तरी नशीब.

मग काय उरतं? उरते माहिती. गुन्हेपटात फुकट मिळणारी गोष्ट तेवढीच. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय लपलंय आणि प्रेक्षकाला ते कधी कळतंय. दरोडा पडद्यावर दाखवायला लाखो रुपये लागतात. दरोड्यानंतरच्या सकाळी तीन मित्र एका खोलीत बसलेत, पिशवीतलं सोनं ठरल्यापेक्षा कमी आहे आणि कोणीच आधी बोलत नाही, याला एक खोली, एक पिशवी आणि तीन चांगले नट पुरतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त ताण देते, हे मी नुसतं समजूत काढायला म्हणत नाही. लहान फिल्म बघताना लोकांचं लक्ष नेमकं कुठे सुटतं, हे मी प्रेक्षकांत मागे उभं राहून पाहिलंय. खोटी मारामारी सुरू झाली की ते मोबाइल काढतात.

हे करायची एक साधी रीत सांगतो. भिंतीवर मोठा कागद लावा. उभे रकाने पात्रांचे आणि शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. आडव्या ओळी प्रसंगांच्या. प्रत्येक प्रसंगानंतर कोणाला नवीन काय कळलं ते त्या त्या रकान्यात पेन्सिलनं लिहा. ज्या ओळीत एकाही रकान्यात काही लिहावं लागलं नाही, तो प्रसंग काढून टाका, मग त्यात तुमचा आवडता संवाद का असेना. एका पोरांच्या टोळीबरोबर मी हे केलं तेव्हा अठ्ठावन्न प्रसंगांचे एकतीस झाले, आणि त्यांच्या शूटिंगचे सहा दिवस वाचले. दोन दिवस ती पोरं माझ्याशी बोलली नाहीत ते सोडा.

आता गुन्हा कुठला, हा विषय. सराफावरचा दरोडा कुठल्याही शहरात घडतो. तुम्ही नाशिकचे आहात, तुमच्यापैकी दोघे निफाड तालुक्यातले, हे तुम्हीच लिहिलंय. मग द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेला व्यापारी तुमच्या गोष्टीत का नाही? दिंडोरी-निफाड पट्ट्यात हे दर काही हंगामांनी घडतं आणि वर्तमानपत्रात येतं. बागेवर येऊन सौदा होतो, किलोचा दर ठरतो, इसार म्हणून थोडी रक्कम हातावर पडते, क्रेट भरून गाडी जाते, उरलेल्याचा चेक मिळतो. चेक वटत नाही, फोन बंद लागतो, पिंपळगावच्या भाड्याच्या गाळ्याला कुलूप. यात बंदूक नाही, पाठलाग नाही, रक्तही नाही. पण वर्षभराची मेहनत, सोसायटीचं कर्ज, ठरलेलं लग्न, आणि हा व्यापारी गावात पहिल्यांदा कोणी आणला त्या माणसाचं तोंड, एवढं सगळं आहे. तो माणूस तुमचं मुख्य पात्र. दलालीचे किलोमागे काही पैसे मिळतील म्हणून त्यानं ओळख करून दिली, आणि आता अख्खं गाव त्याच्या ओट्यावर बसलंय. तो फसलाय की सामील आहे, यावर सत्तर मिनिटं सहज जातात. लोकेशन म्हणजे तुमच्याच मित्राचा मळा, पडवी, एक गाळा आणि एक वजनकाटा.

पुरावाही इथलाच शोधा. बोटांचे ठसे आणि सीसीटीव्ही सगळ्यांनी वापरून झाले. आपल्याकडे गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं ते घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात. समजा तुमचा संशयित म्हणतो, ‘मी संध्याकाळी सहाला घाटावरच होतो, हा बघा फोटो.’ फोटोत पाणी मारुतीच्या कमरेला आहे. आणि गावातल्या एका म्हाताऱ्याला पक्कं आठवतं की त्या दिवशी सहाला पाणी छातीच्या वर होतं. नाशिकच्या प्रेक्षकाला हे समजावायला एक ओळही खर्च करावी लागणार नाही, आणि बाहेरच्याला चित्र बघून कळेल.

पोलिसांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण विद्यार्थ्यांच्या गुन्हेपटात सगळ्यात जास्त हसू इथे येतं. गोष्ट निफाडची असेल तर तिथे नाशिकचे पोलीस आयुक्त येणार नाहीत. आयुक्तालय शहरापुरतं, बाकी जिल्हा ग्रामीण पोलिसांचा, आणि तिथे पोलीस अधीक्षक. गोष्ट १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर फौजदाराच्या तोंडी ‘तीनशे दोन लागेल’ हे वाक्य जुनं झालं. भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये. बोलण्यातला चारसोबीस अजून जिवंत आहे, फिर्यादीतला गेला. न वटलेल्या चेकचं कलम मात्र वेगळ्या कायद्यातलं, ते अजून १३८ च. ही चूक करू नका, कारण चेकच्या व्यवहारात वावरणारा प्रत्येक माणूस ‘एकशे अडतीस’ म्हणतो. अटक केलेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं. तुमच्या पटकथेत फौजदार त्याला चार दिवस गोदामात ठेवतो, तेव्हा तो फौजदार प्रामाणिक उरत नाही, हे लक्षात आलंय का?

आणि एक गोष्ट तर तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, ते मोबाइलवर केलं तरी चालतं. म्हणजे घरझडतीचा अख्खा प्रसंग तुम्ही हवालदाराच्या मोबाइलमधून दाखवू शकता. दोन पंच अवघडून उभे, कोणीतरी कपाट उघडतंय, फ्रेम हलतेय, फोकस जातोय, मागे घरातली बाई रडतेय. तुमच्याकडे महागडा कॅमेरा नाही ही उणीव त्या प्रसंगात उणीव राहतच नाही.

वर्दी नाशिकमध्ये नाटकांच्या कपडेपटवाल्यांकडे भाड्याने मिळते. घेताना खांद्यावरचं नीट बघा. फौजदाराला दोन तारे, हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. कपडेपटवाला घाईत काहीही लावून देतो. शूटिंग नसताना नटानं वर्दीवर जॅकेट चढवायचं, टोपी काढायची आणि चहाच्या टपरीवर तर अजिबात जायचं नाही. लोक खरंच तक्रार घेऊन येतात. हसू नका, आमच्या एका नटाला एका आजीनं शेजाऱ्याच्या नळाची पूर्ण तक्रार ऐकवली, आणि त्यानं ती ऐकून घेतली.

पिस्तूल नकोच. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लघुपटासाठी आम्ही पहाटे साडेपाचला गोदाघाटावर होतो. प्लास्टिकचं पिस्तूल, काळा रंग मारलेला, लांबून अगदी खरं. कॅमेरा पलीकडच्या काठावर लांब लेन्स लावून ठेवलेला, म्हणजे जवळून जाणाऱ्याला शूटिंगचा मागमूस नाही. आम्हाला वाटलं काय हुशारी केली. फिरायला आलेल्या कोणीतरी ११२ ला फोन केला. दहा मिनिटांत गाडी आली आणि पुढचे तीन तास आमचा नट, मी आणि ते प्लास्टिक चौकीत. पोलिसांची काहीच चूक नव्हती. आम्ही पत्र दिलं नव्हतं. पहाटेचा उजेड गेला, नट पुन्हा तारीख देईना, प्रसंग कायमचा राहिला. तेव्हा शस्त्र दाखवायचंच असेल तर चार भिंतींच्या आत, आणि शक्यतो कापडात गुंडाळलेलं. गुंडाळलेल्या वस्तूची भीती जास्त वाटते, वर ती खोटी दिसण्याची भीती नाही.

परवानग्यांचं पटकन सांगतो. खाजगी घर, मळा, गाळा असेल तर मालकाचं सहीचं पत्र, ओळखीचा असला तरी. रस्त्यावर, घाटावर काही असेल तर महापालिकेकडे अर्ज आणि स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, माणसं, प्रसंग लिहून पत्र. पोच घ्या, ती खिशात ठेवा. रेल्वे स्टेशन विसरा. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे गुपचूप ट्रायपॉड लावू नका. ड्रोनचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. देवळालीला लष्कर, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना. नकाशा न बघता ड्रोन उडवायला हे शहर बरं नाही. थिएटरात लावणार असाल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, इंटरनेटवर टाकायला ते लागत नाही.

आता तालीम. तुम्ही लिहिलंय ‘पंधरा दिवस शूटिंग’, तालमीचा एक दिवसही नाही. क्रिस्टोफर नोलननं १९९८ चा ‘फॉलोइंग’ साधारण सहा हजार डॉलरमध्ये केला. सगळे नोकरी करणारे, म्हणून शूटिंग फक्त शनिवारी, जवळपास वर्षभर. १६ मिलिमीटरची फिल्म महाग, एक-दोन टेकपेक्षा जास्त परवडत नव्हते, म्हणून त्यांनी नाटकासारखी तालीम आधीच करून घेतली. तुम्हाला कार्डावर कितीही टेक घेता येतात, आणि हीच तुमची अडचण आहे. बाराव्या टेकपर्यंत नट मरतो आणि सूर्यही मावळतो.

आणि नट तर नाशिकमध्ये आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत, एकांकिका स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं काम करणारी माणसं इथे आहेत. कालिदास किंवा साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग बघायला जा आणि संपल्यावर आत जाऊन भेटा. नोकरदार असतात, सुट्टीच्या दिवशी येतात, मानधनापेक्षा चांगली भूमिका मागतात. चाळिशी-पन्नाशीच्या पात्रांना मिशा चिकटवून तुमचेच मित्र उभे करू नका. फक्त एक काळजी घ्या. रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतो. पहिल्या तालमीला त्यांना समोरासमोर जमिनीवर बसवा आणि बाजूच्या खोलीत कोणी झोपलंय असं समजून बोलायला सांगा. दोन दिवसांत आवाज खाली येतो.

सलग पंधरा दिवसांपेक्षा सात शनिवार-रविवार घ्या. चौदा दिवस, रोज पटकथेची पाच पानं, एका पानाचं साधारण एक मिनिट धरलं तर सत्तर मिनिटं होतात. मधल्या आठवड्यात चुका दिसतात, पुन्हा लिहिता येतं. तोटा एकच, दिसण्यातलं सातत्य. आमच्या एका अशाच फिल्ममध्ये अर्धं शूटिंग झालं आणि मुख्य नटाचे आजोबा गेले. वडील आधीच वारलेले, त्यामुळे सगळे विधी यानंच केले. दहाव्याला रामकुंडावरून आला तो पूर्ण मुंडण करून. दिग्दर्शक पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. त्याला विग विचारायची लाज वाटत होती आणि मला सांगायची. शेवटी नटच म्हणाला, ‘अरे, माझ्या पात्राचंच कोणीतरी मरू दे ना.’ तीन प्रसंग नव्यानं लिहिले. त्या फिल्ममध्ये लोकांना आजही आठवतं ते दृश्य म्हणजे डोकं भादरलेला तो माणूस पैसे मोजत बसलाय. घाटावर काही ठेवलं असेल तर तेही एकाच दिवसात उरका. सिंहस्थाच्या कामांमुळे तिथलं रूप दर महिन्याला बदलतंय, आणि मागचा खांब एका शॉटमध्ये आहे, दुसऱ्यात नाही असं होईल.

आवाज. इथे पैसे घाला. चित्र थोडं वाईट असलं तर लोक त्याला शैली म्हणतात, आवाज वाईट असला तर उठून जातात. कॅमेऱ्यावरच्या माईकवर एकही संवाद घेऊ नका. नटांच्या कपड्यात दोन लेपल माईक आणि एक वेगळा रेकॉर्डर भाड्यानं घ्या, आणि तुमच्यातला एकजण फक्त आवाजासाठी ठेवा. तो हेडफोन लावून बसेल, चहासुद्धा आणायला जाणार नाही. पंखे बंद. फ्रीज बंद करा आणि गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू करायला विसरून तुम्ही घरी जाऊ शकणार नाही. प्रत्येक खोलीत शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, संकलनात संवादांच्या मधले खड्डे तीच भरते. मळ्यात मोटारीचा पंप, गावात देवळाचा भोंगा, शेजारचा कुकर, हे सगळं रेकीला, म्हणजे जागा बघायला गेल्यावर शूटिंगच्याच वेळेला जाऊन ऐका. सकाळी शांत असलेली जागा संध्याकाळी सहाला आरतीनं भरून जाते. आणि मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं वाजू देऊ नका, त्याचे हक्क तुमच्या अख्ख्या बजेटपेक्षा महाग आहेत.

कॅमेरा विकत घेऊ नका. मामेभावाचा आहे तोच बरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकेल आणि ते नंतर नीट होत नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, म्हणजे शॉटच्या मध्येच उजेड आणि रंग आपोआप बदलणार नाहीत. संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. रक्तासाठी घट्ट साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी पावडर. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. रक्त लागणाऱ्या शर्टाचे तीन जोड हवेत, त्यामुळे शर्ट महागाचा निवडू नका.

नव्वद हजारांचा हिशोब मी असा मांडेन. बारा माणसं, चौदा दिवस, माणशी दीडशे रुपये जेवण-चहा धरलं की पंचवीस हजार दोनशे. यात काटकसर करू नका. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या. नाशिकमध्ये सिनेमावर बोलताना फाळक्यांचं नाव सगळेच घेतात, हा तपशील कोणी घेत नाही. कोणाच्या आईनं भाजी-भाकरी करून दिली तर खर्च अर्धा होईल, पण रोज मिसळीवर भागवू नका, दुपारनंतर युनिट झोपतं. आवाजाला वीस हजार. पेट्रोल दहा. दोन हार्ड डिस्क, साधारण बारा हजार, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरात. सेकंदाला शंभर मेगाबिटनं चित्रण केलंत तर तासाला ४५ जीबी होतात, आणि दोन्ही डिस्कवर उतरल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्ड कोरं करायचं नाही. कपडेपट, रंगभूषा, सामान मिळून दहा. उरलेले बारा-तेरा हजार बाजूला ठेवा आणि कशासाठी ते ठरवू नका. ते लागतातच.

शेवटी तुमचा मे महिना. मे महिन्यात नाशिकमध्ये ना पूर असतो ना द्राक्षं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागा बोडक्या दिसतात. घड हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च. म्हणून मे महिन्यात फक्त लेखन आणि तालीम करा. जून-जुलैत घरातले आणि गाळ्यातले प्रसंग उरका, पावसाचा आवाज सांभाळून. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की कार्ड रिकामं करून दोघांनी पुलावर जायचं, सात जणांनी नाही, आणि काठाला उतरायचं नाही. मारुतीचं पाणी चढताना दर तासाला एक असा शॉट घेऊन ठेवा, एकाच जागेवरून, वेळ लिहून. कुठला वापराल ते नंतर ठरेल. मळ्यातलं काम फेब्रुवारीत, तोडणी सुरू असताना. त्यासाठी बागवाल्याशी आत्ताच बोला, कारण तोडणीच्या दिवशी त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसेल.